मका आला, चुना मागे राहिला



वसंतातल्या या व्यासपीठावरून संतवाङ्मय, राज्यकारभार आणि थोरांची चरित्रे यांवर पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र आज भाकरीचा इतिहास सांगणार आहोत, आणि तोही एका दूरच्या देशाच्या भाकरीचा. मेक्सिकोत तिला तोर्तिया म्हणतात. तिच्यात मासा, भाजी किंवा मांस घालून ती दुमडली की तिचा टाको होतो. आपली तरुण मुले मोठ्या शहरात जाऊन हा टाको खाऊन येतात आणि त्याचे कौतुक करतात. आमचे म्हणणे असे की, हा पदार्थ वैजापूरच्या कोणत्याही स्वयंपाकघरात होऊ शकतो. त्याचे सारे सामान आपल्या घरी आहे. नाही ती फक्त एक युक्ती, आणि ती नसल्यामुळे जगात किती माणसे आजारी पडली व मेली, हाच आजचा विषय आहे.

विषय सुचला तो बाजार समितीच्या आवारात. दिवाळीच्या सुमारास तेथे मक्याच्या राशी पडतात. आमचे हमाल बांधव दिवसभर ती पोती पाठीवर वाहतात आणि दुपारी त्याच राशीला टेकून फडके सोडतात. फडक्यात बाजरीची भाकरी नाही तर गव्हाची पोळी असते, मक्याची कधीच नसते. एकदा आम्ही कारण विचारले, तेव्हा एक वयस्क हमाल हसून म्हणाले, "भाऊ, ते कोंबड्यांचं खाणं." उत्तर खरे होते. आपल्या तालुक्यात मका अमाप पिकतो, परंतु तो जातो कोंबडीखाद्याला, स्टार्चच्या कारखान्यांना आणि आता इथेनॉलला. पिकविणारा आणि वाहणारा, दोघांच्याही ताटात तो येत नाही.

या 'कोंबड्यांच्या खाण्याचे' कूळ पाहू. दक्षिण मेक्सिकोत बाल्सास नावाच्या नदीच्या खोऱ्यात सुमारे ९००० वर्षांपूर्वी तेथल्या माणसांनी तेओसिन्ते नावाच्या एका रानगवतापासून मका घडविला. त्या गवताच्या कणसाला बोटावर मोजण्याइतके टणक दाणे असत. पिढ्यान्‌पिढ्या निवडून पेरीत आजचे हातभर कणीस उभे राहिले. हे काम कोणा राजाने केले नाही, ते शेतकऱ्यांनी केले. त्यांची नावे इतिहासात नाहीत, पण त्यांचे काम साऱ्या जगाच्या शेतात उभे आहे.

दुसरा शोध स्वयंपाकघरातला. मका कठीण, त्याची साल चिवट. तेथल्या बायकांनी तो चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरत ठेवण्याची रीत काढली. ही रीत किमान ३००० वर्षांची जुनी आहे. अशा मक्याला निश्तामाल म्हणतात, आणि त्या शब्दातच मूळ नावात्ल भाषेतला राखेचा शब्द आहे. सकाळी साल चोळून धुवून टाकावयाची आणि दाणे मेटातेवर वाटावयाचे. मेटाते म्हणजे तीन पायांचा दगडी पाटाच. मग हातावर थापून कोमालवर, म्हणजे खापरावर, भाजावयाचे. पाटा, खापर, थापणे, भाजणे: यात आपल्या आईबहिणींना परके काय आहे?

१५२१ साली स्पॅनिश सेनापती कोर्तेस याने मेक्सिकोची राजधानी जिंकली. त्यापूर्वी १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला होता. या दोन घटनांमुळे आपले ताट बदलले. मिरची आली आणि मिऱ्याच्या नावावरून आपण तिला नाव दिले. टोमॅटो आला, त्याच्या नावात मेक्सिकोचा 'तोमात्ल' अजून ऐकू येतो. चिक्कू तिकडचा. आपण ज्याला घरचे फळ मानतो ते दौलताबादचे सीताफळही अमेरिका खंडातले. फार कशाला, १९६६ साली आपल्या सरकारने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले, त्यांत लेर्मा रोहो आणि सोनोरा हे वाण होते. म्हणून ठेचा-पोळी खाणाऱ्याने मेक्सिकोला परका म्हणू नये.

मकाही असाच जगभर गेला. पण बियाणे नेणारे होते व्यापारी, खलाशी आणि शिपाई. त्यांनी दाणा उचलला. तो शिजवावयाचा कसा, हे तिथल्या बाईला विचारण्याची गरज त्यांना वाटली नाही. जिंकलेल्यांकडून शिकावयाचे नसते, असा जिंकणाऱ्यांचा समज असतो. मका आला, चुना मागे राहिला.

याची शिक्षा गरिबाला झाली. मक्यात नायसिन नावाचे ब-जीवनसत्त्व असते, परंतु ते जखडलेले असते. नुसते दळून खाल्ले तर अंगी फारसे लागत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजविले की ते मोकळे होते. स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली एका नव्या रोगाची नोंद केली. मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांची कातडी उन्हात भाजल्यासारखी होई, पोट बिघडे, बुद्धी भ्रमिष्ट होई आणि शेवटी मृत्यू येई. इटलीत १७७१ साली फ्रापोली याने त्याला 'पेलाग्रा' म्हटले, म्हणजे खरखरीत कातडी. मेक्सिकोत मात्र पिढ्यान्‌पिढ्या मका खाऊनही या रोगाचे थैमान नव्हते. तिथे चुना होता, आणि जोडीला घेवड्याची उसळही होती.

कामगार चळवळीतल्या माणसाने जपून ठेवावा असा भाग यापुढे येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हजारो माणसे या रोगाने मरत होती. विद्वान म्हणत, हा सांसर्गिक रोग आहे, किंवा या लोकांचे वळणच घाणेरडे आहे. १९१४ साली डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे हे काम आले. त्यांनी पाहिले की, वेड्यांच्या इस्पितळात रोग्यांना पेलाग्रा होतो, त्यांच्यात वावरणाऱ्या परिचारकांना होत नाही. म्हणजे हा संसर्ग नव्हे, फरक ताटात आहे. १९१६ पासून त्यांनी एडगर सायडनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञास बरोबर घेऊन दक्षिण कॅरोलिनातील कापडगिरण्यांच्या वस्त्यांची पाहणी केली. गिरणीकामगार खात होते मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी. ज्या घरात मिळकत कमी, त्या घरात रोग अधिक, असा हिशेब त्यांनी मांडला. औषधाचे नाव पुढे १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी शोधले. परंतु रोगाचे खरे कारण पगाराच्या आकड्यात आहे, हे गोल्डबर्गर यांनी त्यापूर्वीच दाखविले होते.

हे दुखणे आपल्या दाराशीही येऊन गेले आहे. आपण ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होतो, त्याच दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळे. डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी हैदराबादेत त्याचा अभ्यास करून १९६० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या उपपत्तीवर पुढे मतभेद झाले, परंतु एक गोष्ट वादातीत राहिली: ज्वारी वाईट नव्हे, मकाही वाईट नव्हे, वाईट आहे ती दुसरे काहीच न मिळण्याची स्थिती. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध किंवा मासा असेल तर हा रोग फिरकत नाही.

आमची आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर होती. त्या वेळी अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिलो, रेशनवर आली. ती खाताना आईला पोटापेक्षा मनाला अधिक लागले, असे ती सांगे. लोकांनी ऐकले होते की तिकडे हे जनावरांना घालतात. गरिबाला अन्नाबरोबर मानही हवा असतो. म्हणून 'कोंबड्यांचं खाणं' हा शब्द आम्ही हसण्यावारी नेला नाही.

यासाठी आम्ही प्रयोग घरीच केला. पहिल्या दिवशी नुसत्या पिठाची भाकरी थापली. तिला भेगा पडल्या आणि उलटताना तुटली. दुसऱ्या खेपेस रीतीने केले. खाण्याचा मका घ्यावा. पेरणीचे बियाणे कदापि घेऊ नये, त्याला विषारी औषध लावलेले असते. एक किलो मक्याला तीन लिटर पाणी आणि सुमारे दहा ग्रॅम चुना, तोही पानाला लावण्याचा, खाण्याचाच. पाऊण तास उकळावे आणि रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी पाणी पिवळेधमक होते आणि साल बोटांनी निघते. तीन-चार पाण्यांनी खळखळून धुवावे व वाटावे. मग पीठ एकजीव होते आणि पातळ थापले तरी तुटत नाही. ज्या चुन्यासाठी आपल्या खिशात डबी असते, त्याचा तंबाखूपेक्षा चांगला उपयोग आहे, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

मेक्सिकोच्या पश्चिमेस, समुद्रकाठच्या एन्सेनादा गावी, माशाचे तुकडे पिठात बुडवून तळतात आणि तोर्तियात घालून वर चिरलेली कोबी, लिंबू आणि तिखट चटणी देतात. समुद्र आपल्यापासून दूर आहे, पण गोदावरी आपल्या तालुक्याच्या शिवेवरून वाहते आणि पुढे १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीचा नाथसागर आहे. तिथला रोहू किंवा कटला काटे काढून बेसनात तळला, वर कोबी, लिंबू आणि आपला हिरव्या मिरचीचा ठेचा घातला. दुपारी चार हमाल बांधव घरी जेवावयास आले होते. तेच वयस्क गृहस्थ तिसरी भाकरी घेताना म्हणाले, "कोंबड्या शहाण्या आहेत म्हणायच्या!"

परंतु केवळ चवीसाठी आम्ही येथे उभे राहिलो नाही. २००७ च्या जानेवारीत मेक्सिकोत तोर्तियाचे भाव भडकले. अमेरिकेतला मका इथेनॉलकडे वळला होता आणि व्यापाऱ्यांवर साठेबाजीचा आरोप होता. सरकारला किलोला साडेआठ पेसो भाव ठरवून देणारा करार करावा लागला. तरीही ३१ जानेवारीला शेतकरी आणि कामगार संघटना हजारोंनी राजधानीच्या रस्त्यावर उतरल्या. ज्यांनी जगाला मका दिला, त्यांनाच तो महाग झाला. आपल्याकडे २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध घातले आणि कारखान्यांची मागणी मक्याकडे वळली. शेतकऱ्याला त्यामुळे चार पैसे अधिक मिळत असतील तर आमचा विरोध नाही. पण बाजरी-ज्वारीची रानेही मक्याखाली गेली आणि मका गाडीच्या टाकीत गेला, तर भाकरी कोणत्या भावाने मिळेल, हा प्रश्न हमालाने, शेतकऱ्याने आणि गृहिणीने एकत्र बसून विचारला पाहिजे.

इतिहासाचा धडा आम्हांस इतकाच दिसतो. धान्य घेताना ते पिकविणाऱ्याचे आणि रांधणाऱ्या बाईचे ज्ञानही मागून घ्यावे, आणि जो पोते वाहतो त्याच्या ताटात त्यातले काही पडते की नाही हे पाहावे. येत्या रविवारी आपण एक किलो मका भिजत घालावा आणि शेजाऱ्याला जेवावयास बोलवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.