डाव्या कडेची बाई

आमच्या दिवाणखान्यात आजी-आजोबांचा एक फोटो होता. वाईच्या घाटाच्या पायऱ्यांवर उभे असलेले दोघं, मागे देवळाचा थोडासा भाग, आजीच्या डोक्यावरून पदर. आठ बाय दहा इंचांचा उभा फोटो, लाकडी फ्रेम. साल १९६८. इतकी वर्षं भिंतीवर होता, की तो दिसेनासाच झाला होता.

जुनं घर रिकामं करताना बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात निगेटिव्हज सापडल्या. स्कॅनर नव्हता. मोबाइलच्या स्क्रीनवर कोरं पांढरं चित्र लावलं, निगेटिव्ह त्याच्या बोटभर वर धरली (स्क्रीनला टेकवली तर पिक्सेलची जाळी फोटोत येते), वरून डिजिटल कॅमेऱ्याने टिपली आणि कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं केलं. वाईचा फोटो उघडला तर तो चौरस होता. आणि त्यात तीन माणसं होती.

डावीकडे, आजोबांपासून हातभर लांब, माईआत्या. आजोबांची थोरली बहीण. साधं गडद लुगडं, कपाळ मोकळं. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परत आली आणि शेवटपर्यंत या घरातच राहिली. आजी शाळेत शिकवायला जायची, तेव्हा माझ्या वडिलांना भरवणं, झोपवणं, शाळेत सोडणं माईआत्याकडे. घरात तिचा एकही फोटो नाही असं आम्ही धरून चाललो होतो. होता की. भिंतीवरच होता, फक्त फ्रेमच्या बाहेर.

तिला कुणी कापलं, हे शोधायच्या नादात मी चौरस फोटोंच्या इतिहासात शिरलो.

तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात १:१ असा पर्याय असतो. त्याचं मूळ बरेच जण इन्स्टाग्रामपाशी शोधतात आणि फारच फार पोलरॉइडपर्यंत मागे जातात. पण १९०० साली कोडॅकने एका डॉलरला विकायला काढलेला ‘ब्राउनी’ हा पुठ्ठ्याचा डबाही सव्वादोन इंची चौरसच काढायचा. चौरसाला प्रतिष्ठा मिळाली ती मात्र जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या फ्रँके आणि हाइडेके कंपनीच्या रोलायफ्लेक्समुळे. हा कॅमेरा १९२९चा. एकावर एक दोन भिंगं, खालचं फिल्मसाठी आणि वरचं बघण्यासाठी. वरच्या भिंगातलं चित्र आरशावरून परावर्तित होऊन माथ्यावरच्या दुधी काचेवर पडतं. कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून त्यात बघायचं. काचेवर डावं-उजवं उलट दिसतं, त्यामुळे चालत्या माणसामागे कॅमेरा फिरवायला जावं तर माणूस भलतीकडेच पळतो. याची सवय होते. पण उभा-आडवा फरक करायला म्हणून हे खोकं कुशीवर वळवलं, तर बाजूने डोकवावं लागतं आणि सगळं जग डोक्यावर उभं दिसतं. याची सवय कुणाला होणार?

म्हणून चौरस. कॅमेरा वळवायची वेळच येऊ द्यायची नाही. उभा की आडवा, हे नंतर डार्करूममध्ये ठरवायचं.

चौरसाचं संतुलन, त्याची शांतता वगैरेंवर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यातलं काही खरंही आहे. पण सुरुवात झाली ती मानेच्या सोयीतून. १९४८च्या हॅसलब्लाडनेही हाच हिशेब पुढे चालवला आणि १९६९मध्ये चंद्रावरून जे फोटो आले, तेही चौरस होते. आपल्याकडे, मुंबईत जे. जे.मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला स्पीड ग्राफिकच्या जोडीला रोलायफ्लेक्स वापरायच्या. गावोगावच्या स्टुडिओंमध्ये त्याच धर्तीची जपानी याशिका असायची आणि घराघरांत स्वस्तातला आग्फा क्लिक थ्री. त्याला वाकून बघायची भानगड नव्हती, पण फोटो तोही चौरसच काढायचा. १२० नंबरच्या एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो. वाईचा फोटो माझ्या काकांनी मित्राची याशिका मागून आणून काढला होता.

आता कागदाचं बघा. निगेटिव्ह चौरस, पण मोठा फोटो करायला स्टुडिओवाल्याकडे कागद आठ बाय दहा इंचांचा. उभ्या कागदावर उंची पूर्ण घ्यायची, तर रुंदीतला पाचवा हिस्सा जाणारच. हे साधं गणित आहे, यात कुणाचं वैर नाही. पण दोन्ही बाजूंनी दहा-दहा टक्के घालवायचे की एकाच बाजूने वीस, हे गणित सांगत नाही. ते कुणीतरी ठरवतं. वाईच्या फोटोत उजवीकडचा रिकामा घाट जसाच्या तसा ठेवलेला आहे. गेली ती डावी बाजू.

आजोबांनी सांगितलं असेल का? की कपाळावर कुंकू नसलेली बाई दिवाणखान्यात शोभणार नाही, असं स्टुडिओवाल्यानेच आपल्या मनाने धरलं असेल? की नवरा-बायको मधोमध यावेत म्हणून त्याने एन्लार्जर सरकवला आणि पुढचा विचारच केला नाही? काकांना विचारलं. ते म्हणाले, “फोटो आला तेव्हा तीच म्हणाली होती, छान आलाय.”

फिल्म गेली, पण वळवायचा आणि कातरायचा प्रश्न राहिला. डिजिटल कॅमेऱ्यांनी आकार उचलला तो १९२५च्या लायकाचा, २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे ३:२. लहान कॅमेऱ्यांनी टीव्ही आणि मॉनिटरचा ४:३ घेतला. खरं तर भिंग जे चित्र टाकतं ते गोल असतं, आणि गोलात मावणारा सर्वांत मोठा आयत चौरसच असतो. तो वर्तुळाचा जवळजवळ ६४ टक्के भाग व्यापतो, ३:२चा आयत ५९. तरी चौरस सेन्सर रुजला नाही. २०००च्या सुमारास कोडॅकने हॅसलब्लाडला मागून जोडायची १६ मेगापिक्सेलची डिजिटल बॅक काढली, तिचा सेन्सर चौरस होता. पुढच्या बॅक पुन्हा आयताकडे वळल्या. माझा अंदाज असा, की मासिकाचं पान आयताकृती आणि सिलिकॉन महाग. जो तुकडा शेवटी कातरूनच टाकायचा, त्याचे पैसे कोण भरणार?

त्यामुळे आज आपण डिजिटल कॅमेऱ्यावर १:१ लावतो, तेव्हा कॅमेरा नवा चौरस देत नाही, दोन्ही बाजू झाकतो. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या सेन्सरमधून ४००० बाय ४००० उरतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलचे १६. रॉ फाइल ठेवली असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांत झाकलेला भाग आत शाबूत राहतो आणि नंतर उघडता येतो. नुसती जेपेग ठेवली असेल तर तो गेला. मी एका बारशाचे सगळे फोटो तसेच काढलेत. पाळण्याच्या बाजूला कोण कोण उभं होतं, हे आता फाइल सांगू शकत नाही.

इन्स्टाग्रामने २०१०मध्ये सगळ्यांना चौरसात बसवलं, २०१५मध्ये मोकळं सोडलं आणि २०२५च्या जानेवारीत प्रोफाइलवरच्या चौकटीही उभ्या केल्या. जुने चौरस आता तिथे दोन्ही कडांनी कापलेले दिसतात. लोक वैतागले. मला स्टुडिओवाला आठवला. त्याच वर्षी आलेल्या आयफोन १७च्या सेल्फी कॅमेऱ्यात मात्र चौरस सेन्सर आहे. कारण काय, तर फोन आडवा न करताही आडवा फोटो घेता यावा. रोलायफ्लेक्सवाल्यांना हे ऐकून हसू आलं असतं.

वाईचा फोटो पुन्हा छापायला मी लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनवर आठ बाय दहाची चौकट टाकली. उभी धरली की माईआत्या बाहेर. मी म्हटलं, आडवी करा. आडवी केल्यावर तिघंही बसले, पण खालच्या पायऱ्या गेल्या. त्या पायऱ्यांवर एक सावली होती. कोपरं बाहेर काढलेली, मान खाली घातलेली. माझे काका.

“सर, कुठून कापू?” मुलाने विचारलं.

आठ इंचांचा पूर्ण चौरस आणि उरलेला कागद पांढरा, असा फोटो करून घेतला. जुन्या फ्रेममध्येच बसवला. वडिलांनी तो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळ धरला. “हे लुगडं निळं होतं,” ते म्हणाले.