तारलीचा बाजार आणि भ्रमणध्वनी

संपर्कसाधनांमुळे श्रमाची उत्पादकता वाढते, असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्ष मोजमाप करून ते दाखवणारी उदाहरणे मात्र थोडी. त्यांतले एक बहुचर्चित उदाहरण कचेरीतले नव्हे, उत्तर केरळच्या किनाऱ्यावरील तारली पकडणाऱ्या होड्यांचे आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी १९९६ ते २००१ या काळात कोझिकोड, कण्णूर आणि कासरगोड या जिल्ह्यांतील १५ किनारी बाजार व ३०० मच्छीमार नौका यांच्या साप्ताहिक नोंदी अभ्यासल्या. त्यांचा प्रबंध २००७ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

तारली स्वस्त आणि अत्यंत नाशवंत. मालीम वा कुटबणच्या जेटीवर पहाट काढलेल्या वाचकाला हे सांगायला नको. या किनाऱ्यावरील बाजार पहाटे पाचच्या सुमारास भरत आणि आठपर्यंत उठत. होडीला आपल्या गावच्या किनाऱ्यावरील दर समुद्रातून कळण्याचा मार्ग नव्हता. शेजारच्या बाजारात जाऊन पाहावे तर इंधन जळणार, आणि पोहोचेपर्यंत तोही बाजार उठलेला असणार. म्हणून जवळजवळ प्रत्येक होडी आपल्याच किनाऱ्यावर मासळी उतरवी, मग दर मिळो वा न मिळो.

जेन्सन यांनी नोंदवलेली एक सकाळ बोलकी आहे. १४ जानेवारी १९९७ रोजी बडगरा (आजचे वडकरा) येथे ११ होड्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही आणि त्यांनी मासळी फेकून दिली. त्याच वेळी १५ किलोमीटरांच्या आतील बाजारांत २७ खरेदीदार किलोला दहा रुपयांपर्यंत दर असूनही मासळीअभावी रिकाम्या हाताने परतण्याच्या बेतात होते. दोन्हीकडची माणसे आळशी नव्हती, अडाणीही नव्हती. त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता, इतकेच.

भ्रमणध्वनी सेवा कोझिकोडच्या पट्ट्यात जानेवारी १९९७ मध्ये, कण्णूरला जुलै १९९८ मध्ये आणि कासरगोडला मे २००० मध्ये पोहोचली. मनोरे किनाऱ्याजवळ असल्याने समुद्रात २० ते २५ किलोमीटरपर्यंत संदेशवहन होई. येणाऱ्या कॉललाही पैसे पडण्याचा तो काळ, तरी २००१ पर्यंत निम्म्याहून अधिक नौकांवर फोन आला होता. सेवा एकदम सर्वत्र न येता टप्प्याटप्प्याने आल्यामुळे तिचा परिणाम इतर कारणांपासून वेगळा काढता आला; अभ्यासाचे बळ यातच आहे. ज्या पट्ट्यात सेवा आली तिथे, आणि तेव्हाच, बदल दिसला. बाजाराबाजारांतील दरांची तफावत दाखवणारा गुणांक ६० ते ७० टक्क्यांवरून १५ टक्के वा त्याखाली आला. रोजच्या मासळीपैकी ५ ते ८ टक्के वाया जात असे, ते थांबले. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला द्यावा लागणारा दर ४ टक्क्यांनी उतरला.

हा लाभ जाळ्यात अधिक मासे आल्यामुळे झाला नव्हता. तीच होडी, तेच श्रम. फक्त मासळी योग्य किनाऱ्याला लागली. शिवाय होडीवरचा कॉल एका नेमक्या प्रश्नासाठी आणि त्याचे उत्तर उपयोगी पडेल अशाच वेळी केला जाई. कचेरीत दिवसभर न विचारता येऊन आदळणाऱ्या निरोपांना हा नियम लावता येत नाही. केरळचे आकडे पुढे करून प्रत्येक नव्या संपर्कसाधनाची भलामण करणारे हा फरक विसरतात.

या निष्कर्षांना मर्यादाही आहेत. जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी पुढे केरळच्या किनाऱ्यावर जाऊन अभ्यास केला, तेव्हा अनेक मच्छीमार होडी-जाळ्यासाठी लिलाव करणाऱ्या दलालाकडून कर्ज घेत असल्याचे आढळले. अशा कर्जात मासळी त्याच्यामार्फतच विकण्याचे बंधन येते. पलीकडच्या बंदरात दर चढा आहे हे फोनवरून कळले, तरी होडी तिकडे वळवण्याची मुभा नसेल तर त्या माहितीचे मोल शून्य. जेन्सन यांच्या पट्ट्यात होड्यांना बाजार बदलता आला, म्हणूनच फोनने काम केले.

आज किनाऱ्यावर दुसऱ्या प्रकारचीही माहिती पोहोचते. हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही संस्था उपग्रहांच्या नोंदींवरून मासे कोठे सापडण्याची शक्यता आहे, याची सूचना मराठीसह किनारपट्टीच्या भाषांत देते. दराची माहिती नासाडी वाचवते. माशांच्या ठिकाणाची माहिती इंधन वाचवते, पण अनेक होड्यांना एकाच थव्यावर आणू शकते. केरळात तारलीची आवक २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. समुद्रातील बदलते हवामान हे या घसरणीचे मोठे कारण मानले जाते. त्या वर्षी प्रत्येक होडीवर फोन होता, दरही ठाऊक होता; उतरवायला तारली नव्हती.