केम्पचे कासव: दोन जातींचा संकर की स्वतंत्र प्रजाती?

१/ मेक्सिकोच्या आखातात करड्या रंगाचे, जवळजवळ गोल पाठीचे एक लहान कासव आढळे. ते अंडी कोठे घालते, हे शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हते. म्हणून फ्लोरिडाचे कोळी त्यास संकर मानीत.

२/ रिचर्ड केम्प यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून सॅम्युएल गार्मन यांनी १८८० मध्ये ती स्वतंत्र प्रजाती ठरवली. पोटाकडील कडेच्या खवल्यांवरची बारीक छिद्रे लॉगरहेड कासवात नसतात. तरीही संकराचा समज टिकला.

३/ १९४७ मध्ये आंद्रेस हेरेरा यांनी मेक्सिकोतील रांचो नुएवो किनाऱ्यावर भरदिवसा अंडी घालणाऱ्या हजारो माद्या चित्रित केल्या. शास्त्रज्ञांसमोर ती फीत आली १९६१ मध्ये.

४/ तोवर अंड्यांची बेसुमार लूट झाली होती. १९६६ मध्ये मेक्सिकोने किनाऱ्यावर पहारा बसवला. तरी १९८५ मध्ये घरटी भरली अवघी ७०२.