मक्याच्या शेतातील प्रार्थनास्थळ आणि हरित वसई

पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर काउंटीत, कोलंबिया गावाजवळच्या एका मक्याच्या शेतात 9 जुलै 2017 रोजी एक प्रार्थनास्थळ उभे राहिले. त्याला ना भिंती होत्या ना छप्पर. लाकडी मांडवासारखा सांगाडा, साधे व्यासपीठ आणि काही बाके एवढेच. वेस्ट विंडसरहून हे ठिकाण मोटारीने सुमारे दोन तासांवर आहे. बाके जिथे मांडली, नेमक्या त्याच पट्ट्यातून ‘अटलांटिक सनराइज’ ही नैसर्गिक वायूची वाहिनी जाणार होती.

जमीन ‘अ‍ॅडोरर्स ऑफ द ब्लड ऑफ क्राइस्ट’ या कॅथलिक भगिनीसंघाची. मारिया दे मात्तियास यांनी 1834 मध्ये इटलीत स्थापन केलेल्या या संघाने 2005 मध्ये भूमीविषयीचे आपले नीतिपत्र स्वीकारले होते. पृथ्वी पवित्र आहे आणि तिचा सांभाळ हे आपल्या व्रताचेच अंग आहे, अशी त्यामागची भूमिका. फेब्रुवारी 2017 मध्ये संघीय ऊर्जा नियामक आयोगाची मंजुरी मिळताच कंपनीला सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार प्राप्त झाला. भगिनींनी मात्र संमती दिली नाही. प्रार्थनास्थळाची कल्पना ‘लँकेस्टर अगेन्स्ट पाइपलाइन्स’ या स्थानिक नागरिकांच्या गटाची होती. भगिनींनी त्यांना आपल्या शेतात येऊ दिले आणि अर्पणविधीला सुमारे तीनशे माणसे जमली.

येऊ देण्याची ही कृती समजून घेण्यासारखी आहे. ख्रिस्ती परंपरेत आतिथ्य हा केवळ शिष्टाचार नाही. उन्हात तंबूच्या दारी बसलेला अब्राहाम तीन अनोळखी वाटसरूंना थांबवून जेवू घालतो. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट आपल्या मठांच्या नियमावलीत प्रत्येक पाहुण्याचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्ताप्रमाणे करावे असे सांगतात. आपल्या ‘अतिथी देवो भव’शी हे जुळते, पण पूर्णतः नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या प्रसंगात ज्यांनी परक्याला आसरा दिला, त्यांना तो कोण होता हे शेवटपर्यंत उमगलेलेच नसते. म्हणूनच या परंपरेतील निषेधाचे स्थळ गढीसारखे बंद नसते. कोलंबियाच्या शेतात भिंती नव्हत्या, याचे कारण केवळ खर्चाचे नसावे.

न्यायालयात मात्र हे टिकले नाही. धर्मस्वातंत्र्य पुनर्स्थापना कायद्याच्या आधारे भगिनींनी केलेला दावा जिल्हा न्यायालयाने सप्टेंबर 2017 मध्ये फेटाळला. त्यानंतरच्या महिन्यात काम अडवणाऱ्या वीसहून अधिक जणांना शेतातच अटक झाली. जुलै 2018 मध्ये तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल कायम केला. श्रद्धेचा आक्षेप खरा की खोटा, या प्रश्नात न्यायालय शिरलेच नाही. तो आयोगापुढील प्रक्रियेत मांडला नाही, म्हणून आता मांडता येणार नाही, एवढेच त्याने म्हटले. ऑक्टोबर 2018 पासून वाहिनीतून वायू वाहू लागला. पुढे नुकसानभरपाईसाठी केलेला दुसरा दावाही त्याच न्यायालयात 2022 मध्ये याच कारणाने निष्फळ ठरला.

तिसऱ्या सर्किटच्या अधिकारक्षेत्रात न्यू जर्सीही येते. म्हणजे येथील एखाद्या चर्चच्या, मशिदीच्या वा मंदिराच्या जमिनीतून उद्या वायुवाहिनी आखली गेली, तर आयोगाच्या सूचनापत्राला मुदतीत लेखी उत्तर देण्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या मर्सर काउंटीपर्यंत येणारी ‘पेनईस्ट’ वाहिनी सप्टेंबर 2021 मध्ये कंपनीनेच रद्द केली, म्हणून ही वेळ अजून आली नाही इतकेच.

मराठी वाचकाला या साऱ्यात वसई आठवल्यावाचून राहणार नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यात बांधकामाला वाट मोकळी होऊ लागली, तेव्हा नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) यांनी ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या लढ्याचे नेतृत्व केले. केळीच्या बागा, पानमळे, विहिरी आणि बावखले वाचवण्याचा तो लढा होता. 1983 ते 2007 या काळात ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. तरीही समितीच्या नावात त्यांनी ना चर्च आणले ना ख्रिस्त. त्यात मोठे शहाणपण होते असे मला वाटते, कारण विहिरीला धर्म नसतो. धमक्या आल्या तरी ते मागे हटले नाहीत. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा एका धर्मगुरूने त्या आसनावर बसावे का, असाही वाद काहींनी घातला.

पण वसईचा पेच कोलंबियाहून अवघड होता. तेथे समोर लोखंडी नळ होता. येथे बिल्डरांच्या पाठीमागे घर शोधणारी माणसेही उभी होती. मुंबईत जागा परवडेना म्हणून लोकलने विरारपर्यंत आलेली ती कुटुंबे होती, आणि त्यांत मराठी घरेही थोडी नव्हती. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या 12,22,390 इतकी भरली. टँकरने आपल्या विहिरींचे पाणी उपसले जात असताना त्याच टँकरची वाट पाहणाऱ्या शेजाऱ्याला परके न मानणे, हे बाके मांडण्याहून कितीतरी कठीण. ते वसईकरांना नेहमीच साधले असे म्हणता येणार नाही. 2009 मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा गावे तिच्यातून वगळावीत म्हणून झालेल्या आंदोलनात शहराविषयीची कटुताही होती.

वेस्ट विंडसरमध्ये आपण कोणत्या बाजूला आहोत? येथील अनेक मराठी घरांच्या जागी एके काळी शेते होती. आता मालमत्ता करात खुल्या जागांच्या जतनासाठीचा वेगळा वाटा असतो, आणि शेवटी आलेले आपण तो निमूटपणे भरतो.