मृतांचा दिवस: जुना किती, नवा किती?

'स्पेक्टर' या बॉन्डपटाची सुरुवात आठवते? मेक्सिको सिटीतला रस्ता. हजारो माणसं सांगाड्यांच्या वेशात चालली आहेत, भलेमोठे सांगाडे गर्दीच्या वर डुलताहेत आणि त्यातून कवटीचा मुखवटा घातलेला डॅनिअल क्रेग शांतपणे वाट काढतोय. सिनेमा आला २०१५ साली. तो पाहून 'एकदा तरी ही मिरवणूक बघायचीच' असं जगभरात कित्येकांनी ठरवलं असेल. अडचण एवढीच, की मेक्सिको सिटीत अशी मिरवणूक निघतच नव्हती. ती सिनेमासाठी रचलेली होती. आता पर्यटक येऊन विचारणार, हे सरकारच्या लक्षात आलं आणि २९ ऑक्टोबर २०१६ ला ती खरोखरच निघाली. तेव्हापासून लाखो लोक ती बघायला येतात. आज दहा वर्षांच्या मेक्सिकन मुलाला विचारलंत तर तो म्हणेल, आमच्याकडे पहिल्यापासून असंच असतं.

मग हा सण, 'दिआ दे मुएर्तोस' म्हणजे मृतांचा दिवस, सगळाच बनाव का? अजिबात नाही. पण त्यातलं जुनं काय आणि नवं काय हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आधी घरात काय होतं ते पाहू. १ नोव्हेंबरला गेलेली मुलं येतात, २ नोव्हेंबरला मोठी माणसं. त्यांच्यासाठी घरात एक पायऱ्यापायऱ्यांची वेदी मांडतात, तिला 'ओफ्रेंदा' म्हणतात. त्यावर फोटो, मेणबत्त्या, मीठ, लांबून आलेल्याला तहान लागते म्हणून पेलाभर पाणी, हाडांच्या आकाराची नक्षी असलेला गोड पाव आणि त्या माणसाला जे आवडायचं ते सगळं. आजोबांना सिगारेट लागायची तर सिगारेट, आजीला कोक आवडायचा तर कोक. कोपाल नावाचा धूप जळत असतो. मिचोआकान राज्यातल्या हानित्सिओ बेटावर बायका रात्रभर कबरींपाशी मेणबत्त्या लावून बसतात. कांपेचे राज्यातल्या पोमुच या माया लोकांच्या गावात तर घरचे लोक पुरलेल्या माणसाची हाडं काही वर्षांनी बाहेर काढतात आणि मग दरवर्षी ती हलक्या हाताने पुसून, नव्या भरतकाम केलेल्या कापडावर पुन्हा ठेवतात. ऐकायला भीतिदायक वाटतं, पण त्यांच्या लेखी ती आंघोळ आणि नवे कपडे आहेत.

आणि सगळीकडे झेंडू. दारापासून वेदीपर्यंत पाकळ्यांची वाट घालतात, रंग आणि वास यांच्या खुणेने आत्म्याला घर सापडावं म्हणून. झेंडूचं तिथलं नाव 'सेंपासूचिल'. ते नाहुआत्ल भाषेतून आलंय, अर्थ 'वीस फूल', म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचं. दसऱ्याला आपण दाराला ज्याचं तोरण बांधतो तो हाच. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. मिरची आणि बटाट्यासारखाच तोही युरोपीय जहाजांच्या काळात अमेरिका खंडातून आपल्याकडे पोचला. म्हणजे जे फूल आपल्याला अगदी पुराणकाळापासूनचं वाटतं, ते शिवाजी महाराजांच्या पणजोबांनी बहुधा पाहिलंही नसेल. 'आमची हजारो वर्षांची परंपरा' असं कुणी म्हणालं की मला हा झेंडू आठवतो.

मेक्सिकोतही हेच वाक्य ऐकू येतं: हा सण तीन हजार वर्षं जुना, अझ्टेकांचा. त्यात तथ्य आहे. अझ्टेकांच्या पंचांगात मृतांचे दोन महिने होते, एक लहानग्यांचा, एक मोठ्यांचा. मिक्तलान नावाच्या पाताळावर मिक्तलांतेकूत्ली आणि मिक्तेकासीवात्ल हे देव-देवी राज्य करत. पण हे महिने साधारण ऑगस्टच्या आसपास यायचे. नोव्हेंबरच्या तारखा कॅथलिक चर्चच्या आहेत: १ तारीख सर्व संतांची, २ तारीख सर्व मृतात्म्यांची. दुसरी प्रथा फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात हजार वर्षांपूर्वी रुजली. कबरीवर दिवे लावणं, मृतांच्या नावाने पाव वाटणं हेही युरोपात होतंच.

१५२१ मध्ये अझ्टेकांची राजधानी पडली. त्यानंतर काही दशकांनी दिएगो दुरान या डोमिनिकन पाद्र्याला एक गोष्ट खटकली. संतांच्या दिवशी लोक मेलेल्या मुलांसाठी नैवेद्य ठेवत, दुसऱ्या दिवशी मोठ्यांसाठी. असं का, हे विचारल्यावर 'पूर्वीपासूनची चाल' असं उत्तर आलं. दुरानला संशय आला की लोकांनी आपला जुना सण गुपचूप ऑगस्टातून उचलून चर्चच्या तारखांवर ठेवलाय. आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंच या संशयी माणसामुळे.

उलट बाजूने एल्सा माल्विदो या मेक्सिकन इतिहासकार म्हणत, की हा सण मुळात युरोपीय कॅथलिकच आहे, अझ्टेकांचं नाव नंतर चिकटवलं. साखरेच्या कवट्यांपुरतं त्यांचं म्हणणं खोडता येत नाही, कारण ऊसच मुळी स्पॅनिशांनी आणला. पण मला दोन्ही बाजूंत एक गोष्ट निसटल्यासारखी वाटते. त्या सोळाव्या शतकात काय चाललं होतं? १५२० मध्ये देवीची साथ, मग १५४५ आणि १५७६ मध्ये 'कोकोलिझ्टली' नावाच्या भयंकर साथी. शतकभरात मूळ लोकसंख्येतले बहुतेक लोक मेले. गावंच्या गावं ओस पडली. मृतांचे दोन दिवस, मग ते कुणाचेही असोत, त्या लोकांनी इतके घट्ट धरून ठेवले यात नवल काय?

आता ती टोपीवाली कवटी, कातरीना. टी-शर्टांपासून टॅटूंपर्यंत सगळीकडे दिसते. ती होसे ग्वादालूपे पोसादा या छापखान्यातल्या चित्रकाराची. तो स्वस्त कागदांवर चित्रं काढायचा. नोव्हेंबरात पुढाऱ्यांना, श्रीमंतांना मेलेलं कल्पून त्यांच्यावर टवाळ कविता छापायची प्रथा होती आणि त्यांना पोसादाची हाडं लागत. ही बाई मुळात 'गार्बान्सेरा' होती: आपलं मूळ रक्त लपवून युरोपीय असल्याचा आव आणणारी. अंगावर मांस नाही, पण टोपी फ्रेंच! पोसादा १९१३ मध्ये गरिबीत मेला. पुढे दिएगो रिव्हेराने १९४७ च्या आपल्या भित्तिचित्रात तिला अंगभर झगा दिला, एका बाजूला पोसादाचा हात दिला आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचा, लहान मुलाच्या रूपातला. टोमणा होता, तो राष्ट्राचा चेहरा झाला.

हे योगायोगाने झालं नाही. १९१० च्या क्रांतीनंतर देशाला एक ओळख हवी होती, स्पेनची नसलेली. सरकार, चित्रकार आणि शाळा सगळ्यांनी मिळून हा सण उचलून धरला. १९५० मध्ये ओक्ताव्हिओ पाझ यांनी लिहिलं की मेक्सिकन माणूस मृत्यूशी थट्टा करतो, त्याच्यासोबत राहतो. वाक्यं सुंदर आहेत, पण त्यातून 'मेक्सिकनांना मरणाचं काही वाटत नाही' असा गैरसमज जगभर पसरला. मुलाच्या कबरीपाशी बसलेली आई तिथेही रडतेच.

डिस्नेची गोष्टही सांगायला हवी. २०१३ मध्ये कंपनीने या सणाच्या नावावर ट्रेडमार्क मागितला. इतका गदारोळ झाला की अर्ज मागे घ्यावा लागला. विरोधात जहरी पोस्टर काढणारे व्यंगचित्रकार लालो अल्काराझ यांनाच मग सल्लागार म्हणून घेतलं आणि २०१७ मध्ये 'कोको' आला. वेदीवर फोटो नसेल तर मृताला परत येता येत नाही, हा त्या सिनेमाचा नियम.

खऱ्या मेक्सिकोत या नियमाची एक उलटी बाजू आहे. २६ सप्टेंबर २०१४ ला गेररो राज्यातल्या आयोत्सिनापाच्या शिक्षक महाविद्यालयाचे ४३ विद्यार्थी गायब झाले. आजवर फक्त तिघांचे अवशेष ओळखता आले. २०२२ मध्ये देशातल्या बेपत्ता लोकांची अधिकृत नोंद एक लाखाच्या वर गेली. त्यांच्या आया गटागटाने माळरानं धुंडाळतात. लोखंडी सळई जमिनीत खुपसायची, बाहेर काढायची आणि तिचा वास घ्यायचा. नोव्हेंबर आला की या घरांपुढे प्रश्न उभा राहतो: मुलाचा फोटो वेदीवर ठेवायचा का? ठेवला तर तो मेला हे आपण मान्य केलं. तपास थांबवायला टपलेल्यांना ते हवंच आहे. नाही ठेवला, आणि तो खरंच गेला असेल, तर त्याच्यासाठी पाणी नाही, पाव नाही, पाकळ्यांची वाट नाही.

त्यातल्या अनेक जणी फोटो वेदीवर ठेवत नाहीत. तो घेऊन त्या मोर्चात चालतात, फोटोवर नाव, वय आणि शेवटचा कधी दिसला ती तारीख लिहून.