श्वानक्रीडा आणि भारमर्यादा

‘सुरक्षित शिक्षण’ या पदातील दोन्ही शब्द सैलपणे वापरले जातात, म्हणून प्रथम व्याख्या. ज्या क्रीडेत कुत्र्याच्या शारीरिक कृतीचे मापन वेळ, अंतर किंवा अचूकता यांनी होते ती श्वानक्रीडा. ती कृती इशाऱ्यावर घडावी म्हणून करवून घेतलेली हेतुपूर्वक पुनरावृत्ती म्हणजे शिक्षण. एका कृतीत एखाद्या अवयवावर पडणारे बल आणि त्या कृतीची आवर्तने यांचा एकत्रित परिणाम म्हणजे भार. इजा द्विविध असते. एकाच प्रसंगात ऊतक तुटले तर ती आकस्मिक इजा. लहान लहान क्षती भरून येण्याआधीच त्यांवर नव्या क्षतींची भर पडत गेली तर ती संचित इजा. सुरक्षेची व्याख्या ‘इजेचा अभाव’ अशी करता येत नाही, कारण इजा न होणे हा पुष्कळदा योगायोग असतो. भार त्या अवयवाच्या त्या दिवसाच्या क्षमतेच्या आत ठेवणे, ही सुरक्षा.

यातून पुढचा प्रश्न निघतो: ही मर्यादा ठरवायची कोणी? मनुष्य खेळाडू दुखू लागले की स्वतः थांबतो, निदान थांबू शकतो. कुत्र्याबाबत हे गृहीत धरता येत नाही, आणि त्याची कारणे दोन. एक, पाठलाग करणारी, ओढणारी आणि कळप वळवणारी कुत्री माणसाने पिढ्यानपिढ्या निवडली ती ‘न थांबणे’ याच गुणासाठी. दोन, उत्तेजित अवस्थेत वेदनेची जाणीव मंदावते. पळताना नख मुळापासून उखडलेला कुत्रा शर्यत पुरी करतो आणि मग पाय उचलून धरतो. म्हणून या विवेचनाचे मूळ सूत्र असे: उत्साह हे क्षमतेचे प्रमाण नव्हे. कुत्रा ‘आणखी’ म्हणतो आहे, याचा अर्थ त्याचे शरीर तसे म्हणते आहे असा होत नाही. मर्यादा बाहेरूनच घालावी लागते, आणि ती घालणे हे शिकवणाऱ्याचे, म्हणजे आपल्याकडे पोलिसांच्या श्वान पथकात ज्याला श्वान हस्तक म्हणतात त्याचे, पहिले काम ठरते.

भार कोठे पडतो यावरून श्वानक्रीडांचे तीन वर्ग होतात: वळणाचा भार, अवतरणाचा भार आणि दीर्घ ओढीचा भार. नावे खेळांची नसून भारांची आहेत. एका खेळात दोन भार असू शकतात.

वळणाच्या भाराचे शुद्ध उदाहरण ग्रेहाउंडची शर्यत. १९१९ साली कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे ओवेन पॅट्रिक स्मिथ याने यांत्रिक सशामागे कुत्री धावतील अशी लंबवर्तुळाकार धावपट्टी चालू केली. १९२६च्या जुलैत मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे ती इंग्लंडात आली. जिवंत सशाचा बळी त्यामुळे टळला, पण सरळ रानाच्या जागी वळण आले. ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो आणि एका झेपेत त्याचे शरीर दोनदा पूर्ण अधांतरी असते. मनुष्य धावपटू वळणावर आपोआप मंदावतो. ग्रेहाउंडचे तसे होत नाही. जेम्स अशरवुड आणि ॲलन विल्सन यांनी २००५ साली ‘नेचर’मध्ये मांडलेल्या मापनांनुसार वळणावर कुत्र्याचे पाऊल जमिनीवर टेकण्याचा काळ बदलत नाही, आणि परिणामी पायांवरील बल सुमारे ६५ टक्क्यांनी वाढते. हे वर सांगितलेल्या सूत्राचे यांत्रिक रूपच होय: शरीर वेग कमी करून स्वतःला वाचवत नाही, वाढलेला भार सरळ सोसते.

तो भार कोठे सोसला जातो हेही निश्चित सांगता येते. धावपट्ट्या सामान्यतः घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने असतात, आणि ग्रेहाउंडच्या उजव्या मागच्या पायाच्या घोट्यातील मध्यवर्ती अस्थीचा भंग ही या खेळाची ठरलेली इजा आहे. डाव्या घोट्यात ती क्वचित आढळते. उजवीकडचे तेच हाड डावीपेक्षा अधिक घट्ट झालेले असते. म्हणजे हाडाने भाराशी जुळवून घेतलेले असते, आणि तरीही ते मोडते. हा विरोधाभास हाडाच्या दुरुस्तीच्या क्रमात उलगडतो. भार वाढला की हाडाचा थकलेला भाग प्रथम काढून टाकला जातो आणि नंतर त्या जागी नवे हाड भरले जाते. मधल्या काळात ते ठिकाण पूर्वीपेक्षा दुबळे असते. याच मधल्या काळात सराव वाढवला, तर सरावच भंगाचे कारण होतो.

यावरून निघणारे नियम थोडे आहेत. सरळ धाव आधी, वळण नंतर; वळण मोठ्या त्रिज्येचे; सरावात दोन्ही दिशा समान; पूर्ण वेगाच्या दोन धावांमध्ये विश्रांतीचे दिवस; आणि पट्टीवरील वाळू सर्वत्र सारख्या ओलीची. शेवटचा नियम क्षुल्लक वाटतो, पण पाय एका जागी रुतला आणि पुढच्या जागी घसरला तर आधीची सर्व काळजी व्यर्थ जाते. आपल्याकडे यात्रांच्या निमित्ताने होणाऱ्या श्वान शर्यतींत कारवान आणि मुधोळ ही लांब पायांची कुत्री उतरतात. सरळ पट्टीवर धाव असेल तर वळणाचा दोष राहत नाही, पण प्रश्न थांबण्याचा येतो: अंतिम रेषेपलीकडे वेग आपोआप उतरेल इतकी मोकळी, मऊ जमीन न ठेवता तेथेच माणसांची भिंत उभी करणे म्हणजे सरळ धावेच्या शेवटी सर्वांत तीव्र वळण आणून ठेवणे होय. ग्रेहाउंडच्या व्यावसायिक शर्यती फ्लोरिडात २०१८च्या मतदानानंतर २०२०अखेर बंद झाल्या. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशाने २०१८ सालीच त्यांवर बंदी घातली. ज्या खेळात कुत्र्याच्या दीर्घ आयुष्यावर कोणाचेच उत्पन्न अवलंबून नसते, तेथे सुरक्षेचे नियम कागदावर राहतात, एवढे नोंदवून पुढे जाणे बरे.

दुसरा वर्ग अवतरणाचा. त्याचे प्रमुख क्षेत्र ॲजिलिटी, म्हणजे हस्तकाच्या इशाऱ्यांवर कुत्र्याने अडथळे पार करण्याचा खेळ. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात, घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून सुचलेला मध्यंतरातला विरंगुळा म्हणून हा खेळ प्रथम दाखवला गेला. १९८० साली ब्रिटिश केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. कल्पना घोड्यावरून आली, तरी शरीर कुत्र्याचे आहे हे विसरता कामा नये. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर असतो. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याचा पुढचा एक पाय नुसते उभे राहताना ६ किलो उचलतो. उडीनंतर पुढचे पाय एकदम नव्हे तर एकामागून एक टेकतात. पहिला पाय टेकतो त्या क्षणी उतरण्याचा सगळा धक्का त्या एकट्यावर असतो आणि तो उभ्या भाराच्या कित्येक पट होतो. त्यातच कुत्र्याला कार्यक्षम गळपट्टीचे हाड नाही. पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेला नसून केवळ स्नायूंच्या झोळीने टांगलेला आहे. धक्का झेलण्यास ही रचना उत्तम. पण स्नायू थकले की झेलणारे दुसरे काही उरत नाही. थकलेल्या कुत्र्याकडून ‘शेवटची एक उडी’ करवून घेण्यातील धोका शरीररचनेत असा आहे, आणि बहुतेक सराव त्या शेवटच्या उडीनेच संपतात हे दुर्दैव.

अवतरण जवळून पाहावे. बॉर्डर कोली दांड्यावरून उडी घेते. दांड्यापलीकडे हस्तक उजवीकडे वळलेला आहे. कुत्रीने उडी सरळ घेतली आहे, पण हवेत असताना तिला वळण दिसते आणि ती उजव्या पायावर उतरता उतरताच धड फिरवते. मनगट जमिनीला रुतलेले, कोपर बाहेर फेकलेले, खांदा पिळलेला. दांडा पडला नाही, वेळ चांगली आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. येथे दोष कुत्रीचा नाही. इशारा उशिरा आला. उडी घेण्यापूर्वी वळण कळले असते तर तिने झेपच तिरकी घेतली असती. म्हणून ॲजिलिटीत कुत्र्याच्या खांद्याची सुरक्षा प्रथम हस्तकाच्या पायांच्या हालचालीत असते. नवशिक्या हस्तकाने आपला मार्ग कुत्र्याविना दहा वेळा धावून पाठ करावा, हा सल्ला कंटाळवाणा असला तरी सर्वांत स्वस्त आहे.

अडथळ्यांच्या नियमांतही सुरक्षेचा विचार आहे, आणि तो शिकवणाऱ्याने उलगडून पाहावा. ए-फ्रेम या दुहेरी उताराची उंची आंतरराष्ट्रीय नियमांत १.७० मीटर आहे, आणि उताराच्या खालच्या टोकाला वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. कुत्र्याचे पाऊल त्या पट्ट्यात पडलेच पाहिजे. हेतू उघड आहे: कुत्र्याने वरूनच उडी टाकू नये. उडीचा दांडा कपात सैल ठेवलेला असतो, स्पर्श झाला की पडतो. घरच्या अंगणात सराव करणारे बांबू दोन विटांच्या थरांत घट्ट अडकवतात. तो पडत नाही, पडतो तो कुत्रा. कापडी बोगद्यात कुत्री गुंतून पडत, म्हणून अमेरिकन केनेल क्लबने २०१६ साली तो वगळला. ६० सेंटिमीटर अंतराने रोवलेल्या १२ खांबांतून नागमोडी जाणे हा पाठीच्या कण्याचा भार आहे. म्हणून खांब प्रथम दोन समांतर ओळींत लांब रोवून मध्ये सरळ वाट ठेवतात, आणि आठवड्यामागून आठवडे ती वाट बोट-बोट अरुंद करत नेतात. कुत्र्याला खांब शिकवले जात नाहीत, कण्याला वाकणे शिकवले जाते.

तिसऱ्या वर्गाविषयी थोडक्यात. अलास्कातील इडिटारोड ही १९७३पासून चालणारी स्लेज शर्यत सुमारे १,६०० किलोमीटरची असून तीत २४ तासांची एक आणि ८ तासांच्या दोन सक्तीच्या विश्रांती असतात. येथे क्षणिक बल अल्प, आवर्तने अगणित. म्हणून इजा पंजाच्या गाद्यांत, मनगटात आणि आतड्यांत दिसते. ओढ नेहमी छातीच्या पट्ट्यावर असावी, गळ्यातील पट्ट्यावर कधीही नव्हे.

आता काळ. शरीरातील सर्व ऊतके एका गतीने तयार होत नाहीत, आणि माझ्या मते या विषयातील बहुतेक चुका या एका वाक्याच्या विस्मरणातून होतात. कौशल्य दिवसांत येते. स्नायू आठवड्यांत बळावतात. कंडरा आणि अस्थिबंध यांना महिने लागतात. सांध्यातील कूर्चा एकदा झिजली की जवळजवळ भरून येत नाही. आठ महिन्यांचे पिल्लू सगळे अडथळे ‘जाणते’ म्हणून ते अडथळ्यांस तयार आहे असे मानणे म्हणजे सर्वांत वेगवान घड्याळ पाहून सर्वांत मंद घड्याळाची वेळ सांगणे होय. त्यातच पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात आणि त्या हाडाहून मऊ असतात. लहान जातींत त्या पहिल्या वर्षाच्या आत बंद होतात, अजस्र जातींत दीड वर्षाच्या सुमारास. लहानपणीच नसबंदी झाली असेल तर आणखी उशिरा. आंतरराष्ट्रीय ॲजिलिटी स्पर्धेत १८ महिन्यांखालील कुत्र्यास प्रवेश नाही, त्यामागे हेच आहे. तथापि नियम प्रवेशाला आहे, सरावाला नाही. पळवाट तेथेच आहे.

म्हणून शिक्षणाच्या अवस्था वयाने नव्हे, ऊतकाने ठरवाव्यात. पहिल्या अवस्थेत शरीरभान: जमिनीवर आडव्या ठेवलेल्या शिडीतून चालणे, मागे सरकणे, हलत्या फळीवर उभे राहणे. मागचे पाय आपले आहेत हे पुष्कळ कुत्र्यांना शिकवावेच लागते. दुसरीत दांडा मनगटाच्या उंचीपर्यंत, वळणे रुंद, इशारे सर्व. वाढीच्या पट्ट्या बंद झाल्याची पशुवैद्याकडून खात्री झाल्यावर तिसरी: बल आणि उंची, पण एका वेळी एकच वाढवावे. उंची वाढवली त्या आठवड्यात वेग वाढवू नये.

उष्णतेचा विचार वेगळा करावा लागतो, कारण ती कोणत्याही वर्गात मारक ठरते. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. ४१च्या पुढे उष्माघात. कुत्रा मुख्यत्वे धापेने, म्हणजे बाष्पीभवनाने थंड होतो. यास्तव नागपूरचा मे आणि मुंबईचा जून हे दोन भिन्न धोके आहेत: पहिल्यात हवा तापलेली, दुसऱ्यात ती आधीच बाष्पाने भरलेली, त्यामुळे धाप वाढते आणि गारवा मिळत नाही. जीभ रुंद होऊन टोकाशी चमच्यासारखी वळली, हिरड्या गडद झाल्या, सरळ रेषेत धावणारा कुत्रा तिरका जाऊ लागला, की सराव संपला. प्रथम पाणी ओतून व वारा घालून थंड करावे, मग दवाखान्यात न्यावे. क्रम उलटा केल्यास वाटेतच वेळ संपते. ओले फडके अंगावर तसेच ठेवू नये, ते तापून उष्णता आतच धरून ठेवते.

उरला प्रश्न वेदना ओळखण्याचा. आरंभीच्या सूत्रानुसार कुत्रा ती सांगणार नाही, पण त्याची कृती सांगते. जो दांडा कधी पडत नसे तो पडू लागणे, खांबांतून नेहमी त्याच जागी बाहेर पडणे, डावे वळण नीट आणि उजवे रुंद, बसताना एक मांडी बाहेर. यास अवज्ञा म्हणून दंड करणारा शिक्षक एकच गोष्ट साधतो: पुढच्या वेळी कुत्रा लक्षण लपवतो. धाकाची पद्धत क्रूर आहे हा आक्षेप निराळा. येथे तिचा त्याग करण्यास एवढे कारण पुरे की ती मापनाचे एकमेव साधन मोडते. चुकीचे नाव ठेवण्यापूर्वी हात फिरवावा: बोटांच्या मधल्या फटी, नखांची मुळे, मनगट, खांदा, आणि मांडीच्या आतल्या बाजूने वर, जेथे कटिस्नायू ताणला असेल तर कुत्रा मान वळवून हाताकडे पाहतो.

शेवटची अवस्था निवृत्तीची. ती एका दिवसात आणली तर स्नायू झपाट्याने उतरतात आणि जुने सांधे उघडे पडतात. म्हणून धावणे टिकवून उंची काढावी. येथेही मूळ अडचण उरतेच. दांडा जमिनीवर ठेवला तरी अकरा वर्षांची कोली त्यावरून झेपच घेते. तिच्यासाठी दांडे उचलून न्यावेत आणि केवळ बाजूचे उभे खांब ठेवावेत. त्यांच्या मधून ती पूर्वीच्याच वळणांनी धावते.