फोर्ड मस्टँग हार्डटॉप (१९६५-६६): नियमित चालवता येणारी जुनी अमेरिकी कूपे

फोर्ड मस्टँग हार्डटॉप ही दोन दारांची, पक्क्या छताची आणि मागे वेगळी डिकी असलेली कूपे आहे. साठीच्या दशकातील अमेरिकी गाड्यांपैकी आजही नियमित चालवण्याजोग्या गाड्यांत तिची गणना होते. तिची यंत्ररचना साधी आहे आणि सुटे भाग अजूनही नव्याने बनतात. मात्र तिच्या कमकुवत जागा डोळ्यांना सहज दिसत नाहीत. त्यामुळे चकचकीत रंग म्हणजे चांगली राखलेली गाडी, असे समजणे महागात पडते.

पार्श्वभूमी

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग लोकांसमोर आली. मूळ किंमत २,३६८ डॉलर होती. फोर्डच्याच फाल्कन या साध्या कुटुंबाच्या गाडीचे बरेचसे भाग वापरल्यामुळे ती एवढ्या कमी किमतीत देता आली. पहिल्या वर्षात चार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या आणि मार्च १९६६ मध्ये दहा लाखावी मस्टँग तयार झाली. हार्डटॉप, फास्टबॅक आणि उघड्या टपाची कन्व्हर्टिबल या तीन प्रकारांत हार्डटॉपची संख्या सर्वांत मोठी होती. म्हणूनच आज तिची किंमत इतर दोन प्रकारांपेक्षा सहसा कमी असते.

कोणते इंजिन सोयीचे?

ऑगस्ट १९६४ नंतरच्या गाड्यांत मूळ इंजिन ३.३ लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले आणि १२० अश्वशक्तीचे होते. त्यावर ४.७ लिटरचे व्ही-८ इंजिन मिळे. साध्या कार्ब्युरेटरसह त्याची ताकद २०० अश्वशक्ती होती, तर सर्वांत जोरकस प्रकारात २७१. संग्राहक या शेवटच्या प्रकाराला मोठी किंमत देतात. रोजच्या वापराला मात्र सहा सिलिंडरचे किंवा २०० अश्वशक्तीचे इंजिन पुरते.

मूळ इंजिन कोणते होते, हे गाडीच्या क्रमांकावरून कळते. त्यातील पाचवे अक्षर 'टी' असेल तर सहा सिलिंडर, 'सी' असेल तर २०० अश्वशक्तीचे व्ही-८ आणि 'के' असेल तर २७१ अश्वशक्तीचे.

गंज कुठे लपतो?

पुढच्या काचेखाली जाळी असलेली पोकळी असते. तिच्यातून हवा आत येते आणि पावसाचे पाणी बाजूंनी खाली निघून जाते. तिथे पाने आणि माती साचली की ओल राहते, पत्रा सडतो आणि पाणी गालिच्याखाली झिरपते. मग जमिनीचा पत्रा जातो. या गाडीला वेगळी चौकट नसते, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावरच असतो. म्हणून हा गंज केवळ दिसण्यापुरता राहत नाही.

तपासणी सोपी आहे. जाळीवर तांब्याभर पाणी ओतावे आणि आत पायाजवळ कोरडा कागद ठेवून तो भिजतो का ते पाहावे. दाराखालच्या पट्ट्या, चाकांजवळचा पत्रा आणि डिकी यांवर चुंबक फिरवावे. तो चिकटला नाही तर आत पुट्टी भरलेली असू शकते. खालून जमिनीचे आणि पुढचे जोड पाहावेत. इंजिन पुन्हा बांधता येते. सडलेली पोकळी दुरुस्त करायची तर मात्र वेल्डिंगचे टाके उकलून पत्राच वेगळा करावा लागतो.

ब्रेक आणि सुरक्षितता

१९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर चालत. एका नळीला गळती लागली तर चारही ब्रेक निकामी होऊ शकतात. १९६७ पासून दोन स्वतंत्र भागांचा सिलिंडर आला. तसा सिलिंडर जुन्या गाडीलाही बसवता येतो. नियमित चालवणाऱ्याने हा बदल सर्वांत आधी करावा. मूळ ड्रम ब्रेकऐवजी पुढे डिस्क ब्रेक बसवणे ही त्यानंतरची पायरी.

काही मर्यादा तरीही उरतात. या गाड्यांत खांद्यावरचा पट्टा नव्हता, फक्त कमरेचा होता. धडकेत दबणारा स्टिअरिंगचा दांडा नंतरच्या मॉडेलांत आला. पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हीच डिकीची जमीन आहे. चांगली देखभाल केली तरी ही गाडी आजच्या गाडीइतकी सुरक्षित होत नाही.

वापर आणि देखभाल

उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. कार्ब्युरेटरमध्ये शिळे पेट्रोल चिकट होते, रबराची सीलं सुकतात आणि ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. महिन्यातून काही वेळा इंजिन पुरते गरम होईपर्यंत चालवलेली गाडी म्हणूनच जास्त भरवशाची. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही, त्यामुळे नळ्या नव्या प्रकारच्या लावाव्यात. वितरकातील पॉइंट्सच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि रेडियल टायर हे बदल गाडीचे रूप न बिघडवता करता येतात. काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत.

नियम आणि विमा

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना धूर तपासणीतून सूट आहे. मात्र जुन्या गाड्यांसाठीच्या खास विम्यात आणि अनेक राज्यांच्या ऐतिहासिक नंबरप्लेटमध्ये वापरावर बंधने असतात. रोज कामावर ये-जा करणे त्यात अनेकदा बसत नाही. अशा वापरात अपघात झाला तर भरपाई अडू शकते, म्हणून विम्याची अट गाडी घेण्याआधीच वाचावी.

थोडक्यात, नियमित चालवण्यासाठी दुर्मीळ इंजिनाची, प्रदर्शनातली मस्टँग लागत नाही. कोरडा पत्रा, दोन भागांचा ब्रेक सिलिंडर आणि दुरुस्त्यांच्या जुन्या पावत्या असलेली साधी हार्डटॉप अधिक उपयोगी ठरते, मग तिच्या रंगावर चार ओरखडे असले तरी चालतील.